घरची ट्यूब

माझ्या नणंदेला घरात आणि बाहेर सगळेच ताई म्हणतात. ह्यांच्याहून धाकट्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. गेली एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या रक्त काढतात. "हात पुढे करा आणि आज भाजी काय केलीत ते सांगा," म्हणतात, आणि समोरच्याला भाजी आठवेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "वेळ कुठे मिळाला? रांग संपेचना."

माझी मुलगी चार वर्षं त्याच प्रयोगशाळेत संशोधन करते आहे. तरुणपणी कामाच्या जागी अंगात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं गप्प राहतं. पाळी जायच्या वयात हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं. किती उतरतं आणि किती काळ, हे ती शोधते. बॅटरीच्या कारखान्यात काम केलेल्या दोनशे बारा बायका दर तीन महिन्यांनी येतात. त्यांचं रक्त तिची आत्याच काढते.

यंत्र बरोबर चाललंय की नाही हे पाहायला दर खेपेला, जिचा आकडा बदलायला नको अशी एक ठरावीक ट्यूब लावावी लागते. त्यासाठीचा विकतचा नमुना पहिल्याच खेपेला वेळेवर आला नाही, म्हणून ताईंनी त्याच दिवशी स्वतःची बाही वर केली. "माझं घ्या. मी कुठे पळून जातेय?" तेव्हापासून दर खेपेला त्यांचंच ताजं रक्त; त्या ट्यूबवर नाव नाही, नंबर नाही, नुसतं 'घरची' लिहिलेलं. अडीच वर्षं घरच्या ट्यूबमधला शिशाचा आकडा तीनच्या आसपास राहिला. मग चार झाला. मग पाच. गेल्या खेपेला साडेसहा.

म्हणजे यंत्र वाढवून दाखवतंय, आणि तसं असेल तर दीड वर्षातले सगळ्या बायकांचे आकडे खोटे. मुलीच्या मार्गदर्शक सरांनी तिला महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात चूक सापडली नाही तर ते आकडे बाद. तिचं जेवण सुटलं. मी दिलेला डबा जसाच्या तसा परत यायचा, आणि मी तो उघडून पुन्हा पुन्हा बघायची, जणू बघून काही कमी होणार होतं.

ताईंनी यंत्राला दोष दिलाच नाही. आपल्याच हातून ट्यूबमध्ये बाहेरचं शिसं मिसळतंय अशी त्यांनी समजूत करून घेतली. ट्यूबा दोनदाऐवजी चारदा आम्लात धुऊ लागल्या, हातमोजे बदलले, केसांना रंग लावणं सोडलं.

"वहिनी," एकदा ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीच्या चार वर्षांवर माझ्या हातानं पाणी पडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

"आधी हात धुणं थांबवा. सालटी निघालीत."

"सालटी भरून येतात गं."

त्याच सुमारास मुलीने एक काम माझ्या गळ्यात घातलं होतं. नव्याने येणाऱ्या बायकांसाठी फॉर्ममधले प्रश्न सोप्या भाषेत करायचे. मी केले, पण ऐकणारीला ते कळतील का, हा घोर होताच. रविवारी ताई मटार सोलत बसल्या होत्या. मी कागद घेऊन समोर बसले.

"पाळी थांबून किती काळ झाला?"

"हे फॉर्म विचारतोय की तू?"

"फॉर्म."

"मग कळतोय प्रश्न. पावणेदोन वर्षं. पुढचा?"

"शिसं हाताळायचं काम कधी केलं आहे का?"

"हा बदल. शिसं म्हटलं की बायका नाही म्हणून मोकळ्या होतात. कामाचं नाव घेऊन विचार. बॅटरीचं काम केलंत का, भांड्यांना डाख दिलेत का, छापखान्यात..."

आणि त्या थांबल्या. शेंग अर्धी उघडलेली, तशीच हातात.

सासऱ्यांचा छापखाना होता. शाळेतून आलं की ताई तिथे खिळे जुळवायच्या, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळीत बसवायचं. दोन्ही हात गुंतले की पुढचा खिळा ओठांत. बाराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं? मुलीने तर लहानपणी गोष्टीसारखं ऐकलं होतं. पण फॉर्म भरायचा तो येणाऱ्या बायकांचा. घरच्या ट्यूबचा फॉर्म कुणी भरलाच नव्हता.

"चार वर्षं मी हेच बायकांना समजावतेय," ताई हळूच म्हणाल्या. "आणि मला वाटलं, आपलं काय, ते केव्हाच संपलं."

मी मुलीला हाक मारली. तिने दारातच उभं राहून सगळं ऐकलं, आत्याकडे बघितलं आणि चपला घालून निघाली. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये पहिल्या वर्षीची घरची ट्यूब जपून ठेवलेली होती. तीच तिने पुन्हा यंत्राला लावली. आकडा आला तीन, तेव्हा आला होता तेवढाच. यंत्र बरोबर होतं. वाढत होत्या त्या ताई. तिने सरांना तिथूनच फोन केला, आणि एकही आकडा बाद करायचा नाही असं ठरलं.

"म्हणजे माझे हात स्वच्छ होते," ताईंचं पहिलं वाक्य.

"हातांचं काय घेऊन बसलात? हाडांचं बघा," मी जवळजवळ ओरडलेच.

डॉक्टर म्हणाले, औषध द्यावं इतका आकडा नाही, पण लक्ष ठेवायचं, हाडं तपासायची, रोज चालायचं. मी तेच तीनदा विचारलं. ताई त्यांना म्हणाल्या, "हिला झोप लागत नाही. काही लिहून द्यायचंच असेल तर हिच्यासाठी द्या."

काल ताईंना रीतसर नंबर मिळाला, दोनशे तेरा. मुलगी फॉर्म भरायला बसली तर त्यांनी तिचं पेन काढून घेतलं. "नात्यातल्या माणसानं भरायचा नाही. नियम तुझाच." मग टोकन घेऊन त्या बाहेरच्या बाकावर बॅटरीवाल्या बायकांच्या मध्ये जाऊन बसल्या. मी सोबत होतेच. नंबर आल्यावर दुसऱ्या विभागातल्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला, आणि ताईंनी मान फिरवली.

"ओ ताई, आमचं एवढं रक्त काढलंत, आणि आता घाबरता होय?" मागच्या बाईने टोमणा मारला.

"सुईला कोण घाबरतंय?" ताई म्हणाल्या. "ह्या शीर कुठे शोधतायत, ते बघवत नाही."