सामाईक भिंतीचा दावा

चन्नाप्पा आणि गणपतराव यांच्या घरांना मिळून भिंत एकच होती. मंगळवार पेठेतली दोन जुनी घरं, मधे मातीची रुंद भिंत आणि दोघांच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. या भिंतीपायी दोघे नऊ वर्षं कोर्टात भांडले. कारण ऐकाल तर हसाल. गणपतरावांना मुलासाठी, विश्वजितसाठी, वर मजला चढवायचा होता. गवंड्यानं बिमासाठी भिंतीत खाच मारली आणि चन्नाप्पाच्या देवघरात माती पडली. आदल्या दिवशी नुसतं विचारलं असतं तरी हा गडी हो म्हणाला असता. विचारलं नाही, म्हणून यानं दावा ठोकला. गुळाच्या अडतीवर तराजू धरून तोलारकी करण्यात हयात गेलेली. सूतभर इकडंतिकडं झालेलं त्याला खपायचं नाही.

तारखेला मात्र दोघे गणपतरावांच्या स्कूटरवरून जायचे. कसबा बावड्याच्या कोर्टाला दोन रिक्षा कशाला, असं गणपतरावांचं म्हणणं. प्रतिवादी पुढं, वादी मागं. कोर्टाच्या आवारात शिरलं की तोंडं फिरवायची, पुढची तारीख पडली की टपरीवर चहा घ्यायचा आणि परत. पेठ हसायची. दरम्यान चन्नाप्पाची बायको शिवलीला वारली, मुलगा शशिधर हुबळीला स्थायिक झाला. त्यानंतर चन्नाप्पा इस्त्रीचा सदरा घालायचा तो फक्त तारखेला.

यंदा निकाल लागला. संमतीशिवाय सामाईक भिंतीवर बांधकाम करायचं नाही, असा कायमचा मनाई हुकूम.

"जिंकलास की चन्न्या," गणपतराव म्हणाले आणि त्याही दिवशी त्याला दारात सोडून गेले.

महिन्याभरात विश्वजितनं कळंब्याला फ्लॅट घेतला आणि आईबापाला तिकडं नेलं. शेजारच्या दाराला कुलूप लागलं. भिंतीपलीकडून टीव्ही नाही, खोकला नाही, कुकरची शिट्टी नाही. त्या शिट्टीवर आपण इतकी वर्षं आपला भात चढवत होतो, हे चन्नाप्पाला आता कळलं. जेवायला कधी तीन वाजायचे, कधी जेवण राहूनच जायचं. जिंकलेलं घर त्याला खायला उठलं.

शेवटी सदरा घालून तो एकटाच आपल्या वकिलीणबाईंकडे, राजनंदिनीकडे, गेला.

"संमती लिवून घ्या," तो म्हणाला. "बांधू दे त्यांस्नी मजला."

"अण्णा, त्यांनी घर विकायला काढलंय. आता संमती घेऊन काय करतील ते?"

पुढचा अशील दारात येऊन उभा राहिला, तरी चन्नाप्पा खुर्चीतून उठेना.

"मग एक तारीख तरी लावा."

"कशाची? दावा निकाली निघाला की."

"कशाचीबी लावा, वकीलबाई. बोलवायला मला तोंड ऱ्हायलं न्हाई. नोटीस गेली की येतोय बघा गणप्या."