मावशीचे सहा देवदार

माझी मावशी एका वृद्धाश्रमात माळीकाम करायची. गाव इतकं थंड की हिवाळ्यात नळ गोठायचे. आश्रमाच्या उत्तरेला सहा देवदार होते. तिथेच माळी असलेल्या तिच्या सासऱ्यांनी ते लावलेले. उत्तरेकडच्या दहा खोल्यांना गार वाऱ्यापासून त्यांचाच आडोसा होता.

नव्या व्यवस्थापकांच्या डोळ्यांत ते खुपायला लागले. "नुसता काळोख! इथे केळी लावू. रुंद, हिरवीगार पानं. समुद्रकिनाऱ्यावर आल्यासारखं वाटलं पाहिजे."

"साहेब, देवदाराचं पान सुईएवढं, वर मेणासारखा थर. थंडी त्याचं काही वाकडं करत नाही. केळीचं पान म्हणजे पाण्याची पखाल. गोठलं की संपलं."

"मावशी, तुम्ही पाणी घाला. डोकं चालवायला आम्ही आहोत."

देवदार तोडले. त्यांच्या जागी मावशीलाच केळी लावाव्या लागल्या. पण केळींवर तिने राग काढला नाही. "त्यांचा काय गुन्हा? आणणाऱ्याचा आहे," म्हणत तिने थंडीआधी प्रत्येक बुंध्याला पेंढा बांधला, वर गोणपाट गुंडाळलं. देणगीदार येणार म्हणून साहेबांनी ते सगळं काढायला लावलं. तीन दिवसांत केळी काळ्या पडून लोंबायला लागल्या आणि मावशीच्या हातात नोटीस पडली: कामात हलगर्जीपणा.

मावशी तडक कचेरीत शिरली. "उठा. सात नंबरच्या खोलीत चला."

"हा काय आवाज—"

"उठा म्हणते ना!"

तिचा अवतार बघून साहेब उठले. सात नंबरमध्ये एक निवृत्त शिक्षिका तीन रजया पांघरून खोकत होत्या. वाऱ्याने खिडकी थडथडत होती.

"या," बाई म्हणाल्या. "खिडकीशी बसा. तिथून तुमच्या केळी छान दिसतात."

साहेब पाच मिनिटं बसले आणि गार पडलेल्या कानांवर हात दाबून बाहेर पडले.

नोटीस मागे घेतली गेली. माफी कोणी मागितली नाही. शिक्षिका त्याच महिन्यात न्यूमोनियाने गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं, वार्धक्य. तो कागद बघून मावशी एवढंच म्हणाली, "खोटारडे!"

वसंतात तिने कोणाला न विचारता देवदाराची सहा रोपं लावली. ती निवृत्त झाली तेव्हा रोपं जेमतेम तिच्या कमरेला लागत होती. निरोपाच्या दिवशी साहेब तिचं कौतुक करायला उभे राहिले. मावशीने खुर्ची मागे सारली आणि त्यांच्या तोंडावर दार आपटून ती घरी आली.