अक्कलकोटच्या अलीकडे चार दिवस

सोमवारी सकाळी बारामतीहून निघालो तेव्हा दुपारच्या जेवणाला अक्कलकोटच्या पुढे पोचायचं, असा हिशेब होता. गाडी मी चालवत होते. शेजारच्या सीटवर माझी थोरली बहीण सुधाताई, पाठीला उशी आणि पायाखाली छोटा पाट घेऊन बसली होती. वर्षापूर्वी तिचा खुबा बदलला. तेव्हापासून एसटी बंद आणि उंच गाड्याही बंद. आमची ही पेट्रोलची गाडी पंचवीस वर्षांची असली, तरी तिची सीट खाली आहे आणि ताईला तिच्यात नीट बसता येतं. म्हणून हीच काढली.

जायचं होतं महादेवीअक्कांकडे. ताई बाविसाव्या वर्षी नर्स म्हणून लागली, ती कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका गावात. गाव अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारं, आणि हिला कानडीचं अक्षर येत नव्हतं. शेजारच्या महादेवीअक्कांनी तिला भाषा शिकवली, भाकरी दिली, बाळंतपणाचं बोलावणं आलं की बरोबर चालत गेल्या. पाच वर्षांत त्या बहिणीपेक्षा जवळच्या झाल्या. हे मी तिची सख्खी बहीण असून लिहिते आहे. आता त्या ऐंशीच्या पुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या मुलाचा, शिवानंदचा, फोन आला होता. "अव्वा (आई) रोज विचारतीया, सिस्टर कवा येणार म्हणून. येऊन जावा की."

मोहोळ ओलांडलं आणि गाडीच्या तोंडातून वाफ आली. उन्हाळा नुकताच लागला होता, पण माळ आताच पिवळा पडला होता. आम्ही दोघी बाभळीच्या चार काड्यांच्या सावलीत दीड तास बसलो. शेवटी एका टेम्पोने दोर बांधून सोलापूरपर्यंत ओढत नेलं.

गॅरेज होटगी रस्त्याच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक, मिस्त्री आणि झाडलोट करणारा असा एकच माणूस, अंबादासभाऊ. साठीचे, बारीक, चष्म्याला दोरी. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. आधी मागावर जॉबर (यंत्रमाग दुरुस्त करणारा) होते, माग बंद पडले तेव्हा गाड्यांकडे वळले. त्यांनी बॉनेट उघडलं, तेलाची कांडी काढून नाकाशी धरली आणि म्हणाले, "तेलात पाणी आलंय मॅडम. हेड गॅस्केट गेली. इंजिनचं डोकं उतरवावं लागतंय."

"किती वेळ?"

"बुधवारी दुपारी देतो की. टेन्शन घेऊ नका."

आम्ही जवळच्या लॉजवर खालची खोली घेतली. मंगळवार आणि बुधवारची सकाळ पंख्याखाली गेली. समोरच्या खानावळीत एक बाई कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली ज्वारीची भाकरी), शेंगाचटणी आणि घट्ट दही द्यायची. पहिल्या दिवशी ते इतकं आवडलं की मी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडल्याचा आवाजही नकोसा झाला. प्रवासात अडकलं की चांगल्या गोष्टींचंही असं होतं.

बुधवारी दुपारी इंजिन जोडून झालं. अंबादासभाऊंनी देवाच्या फोटोकडे बघून किल्ली फिरवली. आतून एक 'कट्' असा आवाज आला, मग म्हातारं माणूस उठताना कण्हतं तसं काहीतरी, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले.

"बॅटरी बसली असंल," ते म्हणाले. शेजारच्या दुकानातून दुसरी बॅटरी आणली. पुन्हा तेच. बॅटरीची दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, तरी तेच.

गुरुवारी त्यांनी स्टार्टर काढून इलेक्ट्रिशियनकडे नेला. टेबलावर तो भिंगरीसारखा फिरत होता, गाडीत बसवला की कण्हत होता. इंजिन घट्ट झालं असेल म्हणून पान्याने हाताने फिरवून पाहिलं, तर ते मोकळं. ते घाम पुसायचे, चष्मा पुसायचे, परत वाकायचे. मी स्टुलावर बसून बघायचे. आधी प्रश्न विचारत होते, मग तेही सोडले.

मध्ये मी दुसऱ्या गाडीची चौकशी केली. लग्नसराई होती, छोटी गाडी शनिवारशिवाय मिळत नव्हती. एक जीप तयार होती, पण तिच्या पायरीपर्यंत ताईचा पाय चढेना. ती पदराने तोंड पुसून परत खुर्चीवर बसली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास अंबादासभाऊंनी चहाच्या टपरीवरची चार माणसं बोलावली आणि गाडीला धक्का मारला. वीस पावलांवर इंजिन लागलं! आवाजही छान, गोल. ताईने लगेच काठी उचलली.

"मॅडम, जावा आता," अंबादासभाऊ धापा टाकत म्हणाले. "फक्त बंद करू नका. तितं पोचल्यावर केली तर चालतंय. गावात धक्का द्यायला माणसं मिळतात की."

"आणि रस्त्यात बंद पडली तर?"

"तसं होणार न्हाई. पण झालं तर मी येतो मोटारसायकलवर."

"चल गं," ताई म्हणाली. "तासाभराचा तर रस्ता आहे."

मी त्या चालू गाडीकडे बघत उभी राहिले. चार दिवसांचा घाम अंगावर होता, डोकं ठणकत होतं. अंधारात आडरस्त्याला गाडी बंद, शेजारी काठी घेतलेली ताई, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मी आत हात घालून किल्ली बंद केली.

"नीट झाल्याशिवाय मी नेणार नाही," मी म्हणाले. "उद्या बघू."

ताईने काठी परत भिंतीला टेकवली.

शुक्रवारी सकाळी चहा घेतानाच शिवानंदचा फोन आला. "अव्वाचं बोलणं रातीपास्नं बंद झालंय. डोळं मिटूनच हाय. काल दिवसभर सिस्टर, सिस्टर करत होती." फोन स्पीकरवर होता. मला ताईकडे बघवेना.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा अंबादासभाऊ आधीच गाडीखाली होते. मी म्हटलं, धक्का मारा, आम्ही निघतो. त्यांनी मान हलवली. "शेवटचं एकदा सेल (स्टार्टर) मारून बघू." ताई गाडीत बसलेलीच होती. त्यांनी तिला चोक ओढून धरायला सांगितला आणि बाहेरून हात घालून किल्ली फिरवली. कट्, कण्हणं, शांत. परत एकदा. परत एकदा.

"भाऊ," ताई आतून म्हणाली, "ह्याला ताप का आलाय?"

"कशाला?"

"ह्या चोकला. पहिल्यांदा कोमट होता, आता चटका बसतोय."

 अंबादासभाऊंनी चोकच्या तारेला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. विजेरी घेऊन ते गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते.

बाहेर आले ते जमिनीवरच बसले. "मॅडम, माझी चूक हाय. अर्थची पट्टी लावायची राहिली. गिअरबॉक्सच्या मागं लोंबकळतीया."

इंजिन रबरी ठोकळ्यांवर बसतं. गाडीच्या अंगापासून ते वेगळं असतं, म्हणून एक जाड पट्टी दोघांना जोडते. ती नसल्यामुळे स्टार्टरची सगळी वीज डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून वाट काढत होती. तेवढ्यात स्टार्टर कसा फिरणार? आणि ती तार तापणार नाही तर काय! मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. परिपथ पूर्ण झाला का ते आधी बघा, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. दोन दिवस समोर स्टुलावर बसून मला ते सुचलं नाही, आणि नाडी बघणाऱ्या हाताला कळलं.

"दोन दिवस खाल्ले मी तुमचे," अंबादासभाऊ ताईला म्हणाले. ते दुसरं काहीही सांगू शकले असते, आम्हाला कळलंही नसतं.

"पट्टी लावा," ताई म्हणाली. "मग बोलू."

दहा मिनिटांत ती लागली. किल्ली अर्धी फिरली नाही तोच गाडी सुरू झाली. मला आनंद झाला नाही. आता वेळेवर पोचायला हवं, एवढंच वाटलं.

अक्कलकोट मागे टाकलं की पाट्यांवर दोन्ही लिप्या दिसू लागतात. तुरीची धसकटं, काळी उघडी जमीन, मध्येच एखादा हिरवा उसाचा फड. शिवानंद फाट्यावर उभा होता. घराच्या ओसरीवर अक्कांची सूनबाई म्हणाली, "बर्री, कुंद्रर्री" (या, बसा). ताई बसली नाही. आतल्या खोलीत गेली आणि खाटेजवळ खुर्ची ओढून अक्कांचा हात हातात घेतला. सवयीने बोटं मनगटावर गेली.

ती काय काय बोलत होती. कानडीत, मला न कळणारं, चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या कुठल्या नावांनी भरलेलं. अक्का डोळे मिटून होत्या. दुपार गेली, म्हशी आल्या, दिवा लागला. सूनबाईने हुग्गी (गव्हाची गुळाची खीर) आणली, ती वाटीतच गार झाली. मग अक्कांनी डोळे उघडले. ताईकडे खूप वेळ बघितलं. ओठ हलले.

"ऊटा आतेन, सिस्टर?"

जेवलीस का. तेवढंच. ताई "हौद्री, आतरी" (हो, झालं) म्हणाली. खोटंच. अक्कांनी पुन्हा डोळे मिटले आणि आम्ही असेपर्यंत उघडले नाहीत.

शनिवारी परत निघालो. टेंभुर्णीला चहाला थांबलो तर मी गाडी चालूच ठेवली. टपरीवाला म्हणाला, "बंद करा की बाई, पेट्रोल फुकट जळतंय." मला हात लावायची हिंमत होईना. ताईनेच वाकून किल्ली फिरवली. चहा पिऊन झाल्यावर गाडी एका झटक्यात सुरू झाली, पण पुढच्या सगळ्या रस्त्यात माझे खांदे सैल पडले नाहीत. इंदापूरच्या पुढे ताईला झोप लागली.

नऊ दिवसांनी शिवानंदचा फोन आला. अक्का गेल्या. ताईने फोन ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि आंघोळीला गेली. त्याच संध्याकाळी योगायोगाने अंबादासभाऊंचाही फोन आला, गाडी कशी चालते विचारायला. चांगली चालते, असं मी सांगितलं. अक्कांचं सांगितलं नाही. त्यांची चूक त्यांनी जमिनीवर बसून कबूल केली होती. गुरुवारी पाच वाजता चालू गाडीची किल्ली फिरवली ती मी. त्या संध्याकाळी अक्का अजून बोलत होत्या.

ताईने मला अजून एकदाही विचारलेलं नाही, की आपण तेव्हा का निघालो नाही. विचारलं तर सांगायला माझ्याकडे मोठं कारण नाही. मी दमले होते.