उखाण्यासाठी मला कुणी विचारलंच नाही

भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे तिळगूळ कमी आणि उखाणे जास्त. एकीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी तिला चिडवून सोडायचं. यंदा मी काळी साडी नेसले. संधिवाताने बोटं सुजलेली, निऱ्या काढताना जीव गेला, पण नेसले. ब्लाऊजचे हुक नवऱ्याने लावून दिले, बँडेज बांधावं तसे, एकदाही वर न बघता. स्टिरॉइडने चेहरा सुजलाय, त्यावर मी लिपस्टिकही लावली. का नाही लावायची? अजून चाळिशीसुद्धा गाठली नाही मी.

शेजारच्या काकूंकडे बायका गोल करून बसल्या होत्या. एकेकीला आग्रह चालला होता. सत्तरीच्या आजींनीसुद्धा लाजत लाजत नाव घेतलं आणि सगळ्या खिदळल्या. माझा उखाणा तयार होता, जरा चावटच होता. माझा नंबर आला तर काकू म्हणाल्या, "हिला राहू दे गं, दमली असेल बिचारी." आणि माझ्या हातावर वाण ठेवून त्या पुढचीकडे वळल्या.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. नाव घ्यायला काय गुडघे लागतात? आजींना नवरा आहे, आणि मला काय फक्त डॉक्टर आहे? पण मेली मी हसून "हो ना" म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

घरी आले तर नवरा गरम पाण्याची पिशवी भरून तयार. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "बरं झालं ना यार, उगाच त्रास झाला असता तुला."

"त्रास? अरे, ताप बघायचं सोडून तू मला शेवटचा हात कधी लावलास?"

"तुला दुखतं म्हणून गं. मागे खांदा धरला तर किंचाळली होतीस."

"मग खांदा सोड ना. बाकीची काय मेलेय मी? मी तुला हवीशी वाटायला हवीय रे. कळतंय का तुला?"

तो माझ्याकडे बघायला लागला, साडीकडे, ओठांकडे. किती महिन्यांनी असा बघत होता. पिशवी बाजूला ठेवून उठला. मला वाटलं, आला. तर हा गेला बेसिनवर. गोळ्यांमुळे मला इन्फेक्शन चटकन होतं, म्हणून मला हात लावण्याआधीची ही डॉक्टरांनी लावलेली सवय. तिथे उभा राहून, बोटांच्या बेचक्यांत साबण घालून, नीट हात धूत बसला.