थंड इंजिनालाच पाना

जालना सोडलं तेव्हा उजाडत होतं. मोताळ्याचे माझे मामा अंथरुणाला खिळले होते आणि कापसाच्या एका व्यापाऱ्याबरोबर त्यांचा निरोप आला होता, "वसंताले म्हणा, गाडी घेऊन ये. मले एकडाव तिचा आवाज आयकू दे." गाडी म्हणजे मोटरसायकल. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात मामांनी घेतलेली, विलायती, एका सिलिंडरची. जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या) इंजिनावर काम करणारे मामा तिच्यावरून सगळी पंचक्रोशी फिरले आणि गुडघे गेल्यावर त्यांनी ती मला देऊन टाकली. एसटीने गेलो असतो तर धूळ कमी खाल्ली असती. पण बोलावणं मला एकट्याला नव्हतं.

देऊळगाव राजाला बालाजीला बाहेरूनच हात जोडले, चहा-भजी घेतली. चिखलीच्या पुढे चढ लागला आणि गाडी फुसफुसू लागली. उतरून पाहिलं, तर सिलिंडरवरच्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या, सांध्यातून तेल पाझरत होतं. खडबडीत सडकेने बोल्ट ढिले केले होते.

एक बैलगाडीवाला थांबला. "काऊन थांबले भाऊ? बिघडली काय?"

"बोल्ट ढिले झालेत."

"मंग कसून घ्या ना!"

उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं, माझ्या हातात पाना असतो. पण मामांची शिकवण आडवी आली. तापलेल्या इंजिनाला पाना लावायचा नाही. लावला तर हेड वाकतं, नाहीतर बोल्टाचे आटे जातात. ते निवेपर्यंत बसून राहायला मन घेईना. पाना पिशवीत टाकला आणि तसाच हळूहळू निघालो.

बुलढाण्याचं पठार मागे पडलं, राजूर घाट लागला. साग उघडे पडले होते, खाली शेतांत वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्या होत्या. एरवी मी इथे तासभर बसलो असतो. त्या दिवशी नीट पाहिलंही नाही.

मोताळ्याला पोहोचलो, तर मामांना मी ओळखलंच नाही. इंजिनाचं जड चाक एकट्याने फिरवणारा माणूस गोधडीखाली दिसेनासा झाला होता. मी पाया पडायच्या आत ते बोलले, "हेड ढिलं झालं बे. फुसफुसून राह्यली."

"हो मामा. लगेच कसतो."

"आता नोको. निवू दे. मंग फुलीनं कस, एकाले थोडं, त्याच्या समोरच्याले थोडं. मंग चालू कर. मले साफ आवाज आयकाचा हाय."

मामींनी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर आणि ठेचा वाढला. मी अर्धी भाकर खाऊन उठलो आणि हेडला हात लावून आलो. गरमच होतं.

"निवली काय?" मामांनी आतून विचारलं.

"नाही, मामा."

"घाई नोको करू."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. त्यानंतर विचारलं नाही. मामी पाणी पाजायला गेल्या आणि पेला खाली पडल्याचा आवाज आला. मी आत धावलो. मामा गेले होते.

अंगणात इंजिन अजून कोमट होतं. लोखंडाचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडलो.

तेरावं झालं. निघायच्या दिवशी सकाळी पाना घेतला. इंजिन आता गार होतं. एक बोल्ट थोडासा, मग त्याच्या समोरचा, मग राहिलेले दोन. पुन्हा पहिल्यापासून, दर फेरीला जरा जोर वाढवत. सगळे सारखे बसले. मी किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात मामी बाहेर आल्या.

"वसंता, इथं नोको चालू करू बाप्पा."

"का, मामी?"

"इचा आवाज आयकला का मी फाटक उघडाले जातो. इतल्या वर्साची सवय हाय. जाईन, अन् कोनी नसन."

मी उचललेला पाय खाली ठेवला. गाडी ढकलत गावाबाहेर नेली आणि नाल्याच्या पलीकडे किक मारली. पहिल्याच किकला लागली. फुसफुस नाही, खडखड नाही, मामांना हवा होता तसा साफ आवाज. वेळेवर पोहोचूनही माणसाला हवं ते देता येत नाही, हे मी मोताळ्याहून घेऊन आलो.

मग लक्षात आलं, वारा गावाकडे वाहत होता. मी गाडी बंद केली आणि पुढच्या वळणापर्यंत ढकलत नेली.