चिपमधले मालक

आधी चहा संपवा, मग हसा. हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो, आणि ऐकणारा मात्र हसता हसता कपातला चहा अंगावर सांडतो!

परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एक दिवस चुडाव्याच्या गंगामावशी आल्या. पिशवीत शालीत गुंडाळलेला लॅपटॉप. त्यांचे यजमान, आमचे गुरुजी, गेल्या वर्षी वारले. निवृत्त झाल्यावर गुरुजींना लिनक्सचा, म्हणजे विंडोजसारख्याच एका फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीचा, नाद लागला होता. रोज संध्याकाळी महादेवाची आरती म्हणायची आणि ह्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायची. आता मावशी दिवा लावून तीच आरती लावतात. गुरुजींचा आवाज उरला होता तो एवढ्या एका लॅपटॉपमध्ये, बाकी कुठेच नाही.

"लय रेंगाळायलाय बाबू," मावशी म्हणाल्या. "आरती सुरू होस्तोवर दिवा विझायची येळ येती. पर सांभाळून कर. मालक कुणाला हातबी लावू देत नव्हते."

आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

आता साधी साफसफाई करून द्यावी की नाही? नाही! मला हुशारी पाजळायची होती. प्रणालीचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. मी तोच नव्याने बांधायला घेतला. मशीनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यातले बिनकामाचे खुडायला लागलो. मध्येच सिक्युरिटी चिपचा ड्रायव्हर आला. म्हटलं, चुडाव्यात कसली आलीय सिक्युरिटी? काढला! जुना कर्नलही पुसून टाकला. घर झाडल्यावर केर कशाला ठेवायचा?

लॅपटॉप सुरू केला तर काळा पडदा, आणि त्यावर पासवर्डची मागणी. मावशींना तर पासवर्ड कधी लागलाच नव्हता, मग ठाऊक कुठून असणार! वर कोपऱ्यात चिपचा ड्रायव्हर सापडत नाही असंही आलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, चिपच अडून बसलीय. सेटिंगमध्ये गेलो. तिथे विचारत होतं, चिपवर जुन्या मालकाचा ताबा आहे, साफ करायचा का? बोट 'हो'वर नेलं. मग म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आहे, एकदा विचारलेलं बरं. लावला फोन.

"मावशी, आत चिपमध्ये अजून जुने मालक आहेत."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "मालक हायत? आत?"

"हो ना! तेच अडवून बसलेत. साफ करून टाकू का? म्हणजे मशीन मोकळं होईल."

"न्हाई! मालकाला हात लावायचा न्हाई!" मावशी ओरडल्याच. मग पुन्हा आवाज खाली आला. "काई बोलायलेत का?"

"बोलतील कसे? ड्रायव्हर नाही म्हणतंय."

"ड्रायव्हरची फिकीर करू नको. शंकरभाऊजी जीप चालवतेत. आमी निघालोच."

फोन बंद. मी विचार करत बसलो, ह्या ड्रायव्हरला जीप कशाला?

दुपारी दुकानापुढे जीप थांबली. मावशी उतरल्या, त्यांचे दीर शंकरअण्णा उतरले, मागून आळीतल्या बायका उतरल्या. मावशींच्या हातात बेलाची पानं आणि गुरुजींचं धुऊन घडी घातलेलं उपरणं. त्यांनी ते लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि काळ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अहो..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, मी फोनवर काय बोलून बसलोय ते! चाचरत चाचरत सांगितलं, मावशी, तसे मालक नव्हेत हो. चिपचा मालक. ती कॉम्प्युटरची भाषा आहे.

"मला काय खुळी समजायलास?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "गेलेलं माणूस माघारी येत न्हाई, मला ठाव हाय. पर आवाज तर आतच हाय ना त्यांचा? तू साफ करतो म्हणलास, माझा जीव ऱ्हाईला न्हाई."

मी मान खाली घातली. शंकरअण्णांना मात्र वेगळीच काळजी.

"मग ड्रायव्हर न्हाई म्हणलास, ते काय?"

"तो प्रोग्रॅम असतो अण्णा. चिपला चालवतो."

"मग कुठं गेला?"

"गेला नाही... काढलाय."

"कुणी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी."

"मग मालकाला कशाला काढायलास? ड्रायव्हर बशीव की माघारी!"

अहो, तेच तर होतं! गुरुजींनी डिस्कला कुलूप लावून किल्ली त्या चिपमध्ये ठेवली होती. चिप गुपचूप कुलूप उघडायची. मी 'हो' दाबलं असतं तर किल्ली गेली असती, आणि किल्लीबरोबर आवाजही, कायमचा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, कर्नल पुन्हा बांधला, काढलेला ड्रायव्हर जागेवर बसवला. तोवर मंडळी बाकावर बसून होती. आणलेला चहा कुणी प्यायलं नाही.

लॅपटॉप बंद करून सुरू केला. ह्यावेळी पासवर्ड मागितला नाही. गुरुजींचा महादेवाचा फोटो पडद्यावर आला आणि मावशींनी हात जोडले.

"लाव बाबू," त्या म्हणाल्या.

मी घाईत यादीतलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग लावलं. आधी खाकरण्याचा आवाज. मग आरती नाही, घंटा नाही, थेट गुरुजी कडाडले, "सरका तिकडं! हात लावू नका म्हणलं ना! ज्यातलं कळत न्हाई त्यात बोटं कशाला घालायची?"

मावशींनी सवयीने पदर डोक्यावर घेतला. डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"ऐकलंस का? मालक तुलाच बोलायलेत."