आधी सगळ्या लाट्या

आमच्या खडकीच्या बिल्डिंगीत सकाळी सगळ्यात आधी जाग येते ती तळमजल्यावरच्या प्रेमलाला. ही पोळ्या करून देते. आमच्या तीन मजल्यांत निम्म्या घरांची कणीक तिच्या परातीत मळली जाते आणि उरलेल्या निम्म्यांना आपण अजून स्वतः पोळ्या करतो याचा फार अभिमान आहे. मी अभिमानवाल्यांतली. तरी तिच्या ओट्यापाशी जाऊन फुकट बसायला मला वेळ असतो.

प्रेमला मूळची वाघोलीची. तिथे आता पावलापावलावर कॉलेज आहे. तिच्या वेळी नव्हतं म्हणून ती शिकली नाही असं कुणी समजू नये. होतं की. तिचा भाऊ गेला ना त्यात. ही दहावीला गणितात शाळेत पहिली आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा रणजित दारूगोळा कारखान्यात, कंत्राटावर. माणूस सज्जन. बोलायचे पैसे पडतात अशी त्याची समजूत आहे, एवढंच.

छावणीच्या रस्त्याने लष्करी गणवेशातली मुलं जाताना प्रेमला रोज बघायची. त्यातूनच तिच्या डोक्यात बसलं, की पाचवीतल्या लेकीला, ऋतिकाला, सैनिकी शाळेत घालायचं. मुलींनाही घेतात आता. शाळा निवासी, परीक्षा कडक. प्रवेश मिळाला तर आता सहावीलाच, कारण पुढच्या वर्षी ऋतिका वयात बसणार नव्हती. एकच डाव होता.

क्लास परवडणारा नव्हता. प्रेमला अप्पा बळवंत चौकातून जुनं गाइड घेऊन आली. आधीच्या मालकाने उत्तरांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या. त्या तिने दोन दुपारी बसून खोडरबराने पुसल्या. मागची काही पानं फाडलेली होती. "जाहिराती असतील," म्हणाली.

त्यातल्या समसंबंधांनी तिला वेड लावलं. म्हणजे पहिल्या दोन शब्दांचं जे नातं, तेच तिसऱ्याचं कुणाशी ते ओळखायचं. पक्ष्याचं घरटं, तर मुंगीचं वारूळ. सुताराचा रंधा, तर न्हाव्याचा वस्तरा. प्रेमलाचे हात पिठात, म्हणून कागद-पेन्सिलीचं कामच नाही. ऋतिका उलट्या डब्यावर बसून जोडी वाचायची आणि तोंडी उत्तर द्यायची.

"शिक्षक, शाळा. वैद्य, काय?"

"औषध."

"आधी नातं सांग. शिक्षक शाळेत काम करतो. मग वैद्य औषधात काम करतो का? बुडून मरंल की गं तो!"

"दवाखाना!"

"हां. नातं सांगितल्याशिवाय उत्तर द्यायचं न्हाई."

दिवाळीपर्यंत पोरगी अशी तयार झाली, की आई पोळी उलटायच्या आत उत्तर. मग मलाही चेव यायचा. मी म्हटलं, "ऋते, प्रेमला पोळी लाटते, तर तिसऱ्या मजल्यावरची शेफाली?"

"खाते!"

प्रेमलाने दंडाने तोंड झाकलं. "वहिनी, तुमच्यापायी माझं गिऱ्हाईक जाईल हं."

शेफाली म्हणजे आमच्यातली शिकलेली बाई. नवरा त्याच कारखान्यात, पण कायम नोकरीवर, त्यामुळे जिना उतरताना ती रणजितला नमस्कार करत नाही, मान हलवते. तिचा इंद्रजीतही त्याच परीक्षेला बसणार होता. त्याला शहरात मोठा क्लास लावलेला. मुलगा गुणी, पण समसंबंध आले की गडबडायचा. शेफालीने त्याला सकाळी प्रेमलाकडे पाठवायला सुरुवात केली. "गंमत म्हणून बसतो गं तो. ऋतिकाला पण सोबत."

ऋतिकाला सोबत! हा आपला समोर बसून शिकून घ्यायचा आणि जाताना पोळ्यांचा डबा वर न्यायचा. प्रेमला मात्र आपल्या पोरीइतकंच मन लावून त्याला शिकवायची. नातं सांग, मग उत्तर दे. महिन्याभरात त्याचंही तोंड उघडलं.

एकदा, माझ्या देखत, प्रेमलाने शेफालीला विचारलं, "ताई, रविवारी क्लासात दिवसभर काय करून घेत्यात हो?"

"हेच गं. तू घेतेस तेच. उलट तूच जास्त घेतेस."

प्रेमला एवढी खूश झाली, की त्या दिवशी शेफालीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त गेल्या.

परीक्षा जानेवारीत झाली. केंद्र शहरातल्या एका शाळेत. प्रेमलाने आयुष्यात पहिल्यांदा ऑर्डरींना सुट्टी दिली आणि मला सोबत नेलं. रणजितला रजा नव्हती. फाटकाबाहेर शेफाली गाडीत काच वर करून बसली होती. आम्ही पदपथावर. प्रेमलाचे हात रिकामे असलेले मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितले. काय करावं ते न कळून ती पदराचं टोक मळत होती.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. ऋतिका येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सगळं येत होतं."

"समसंबंध?"

"सगळे बरोबर आले. सगळ्या पेपरात दोनच अडले."

प्रेमलाने तिचा मुका घेतला. मग पोरगी हळूच म्हणाली, "गोल राहिले."

"कसले गोल?"

प्रश्नपुस्तिका वेगळी असते आणि उत्तरांचा कागद वेगळा. त्या कागदावर बरोबर पर्यायाचा गोल पेनाने काळा करायचा. शाळेतल्या बाईंनी हे कधीतरी सांगितलं होतं आणि ऋतिकाला ते ठाऊकही होतं. पण पोरीने काय केलं, तर आईचं बघून केलं. प्रेमला मोठी ऑर्डर असली की आधी सगळ्या कणकेच्या लाट्या करून ओळीने मांडते, मग पोळपाट घेते. तशी ऋतिकाने आधी सगळी पुस्तिका सोडवली. बरोबर उत्तरापुढे टिक, पुढे चल, टिक, पुढे चल. आणि सगळं संपल्यावर गोल रंगवायला घेतले. रंग बाहेर जाऊ नये म्हणून एकेक गोल असा जपून भरला, जसं काही दारापुढे रांगोळी काढतेय. निम्मे भरून झाले आणि वेळ संपली म्हणून वर्गावरच्या बाईंनी कागद ओढून घेतला.

प्रेमलाला अजून कळत नव्हतं. "पण पुस्तिकेत खुणा केल्यात ना? त्या बघतील की."

इंद्रजीत शेजारीच उभा होता. सरळ मुलगा. म्हणाला, "काकू, पुस्तिका कुणीच बघत नाही. मशीन फक्त गोल बघतं. एक सोडवला की लगेच एक गोल. आम्हाला क्लासमध्ये पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. दर रविवारी घड्याळ लावून तेवढंच तर करून घेतात. गाइडच्या मागे पण असतात ना तसले कागद."

गाडीची काच खाली झाली. "इंद्रजीत, चल. ऊन लागतंय."

जानेवारीतलं ऊन!

घरी येईपर्यंत प्रेमला पदराचं टोक मळत राहिली. मी आपली उगाच म्हणत होते, की बघू, काय सांगावं, निम्म्यातही होईल. मला विनोद सुचला नाही असा तो एकच दिवस असेल.

निकाल लागला. इंद्रजीतचं नाव यादीत होतं. ऋतिकाचं नव्हतं. रणजितने ऐकलं, चपला घातल्या आणि पाळीला गेला.

शेफाली पेढे घेऊन माझ्याकडे आली. "रीझनिंगने तारलं हो. सर म्हणाले, त्याचा समसंबंध एकही चुकला नसेल."

"कुठले सर? पोळ्या लाटतात तेच का?"

"तुमचं आपलं काहीतरीच."

"आणि गोलांचं काय? ते नाही सांगितलंत प्रेमलाला."

"अहो, मला काय माहीत तिला माहीत नाही ते?" बाईने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. माझ्या हातावर पेढा ठेवायचा राहूनच गेला. बरं झालं. मला तो खावा लागला असता.

तिथून ती तळमजल्यावर गेली. मी मागोमाग, कारण मला राहवत नाही. प्रेमला कणीक मळत होती. शेफालीने पेढा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "जूनपासून अक्षताला पाठवते हं तुझ्याकडे. धाकटीचं पण हेच कच्चं आहे."

मी वाट बघत होते. वाघोलीची बाई आहे, आता परात आपटेल, काहीतरी चांगलं सणसणीत ऐकवेल, आणि मी ते वर्षभर बिल्डिंगभर सांगत फिरेन.

"पाठवा की ताई," प्रेमला म्हणाली.

शेफाली गेल्यावर मी तिला सोडलं नाही. "अगं, लाज नाही का तुला? पोरीचा एकुलता एक डाव घालवला त्या बाईने!"

तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं. "वहिनी, तिच्या घरच्या पोळ्या, तिच्या बहिणीच्या, तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांच्या. तुम्ही घेताय का माझ्याकडनं पोळ्या?"

मी ओट्यावरचा पेढा उगाच बाजूला सरकवला.

"मग असू द्या."

आता सकाळी तिसऱ्या मजल्यावर डबा पोचवायचं काम ऋतिकाकडे आहे. पोरगी जिना चढते, डबा शेफालीच्या उंबऱ्यावर ठेवते, बेल दाबते आणि दार उघडायच्या आत खाली पळत येते. माझ्या मजल्यावरून जाताना मी काही चेष्टा केली, तर ऐकू न आल्यासारखं करते.